सहीची पट्टी

विद्यापीठात एखादी वस्तू विकत घेणं म्हणजे काय असतं, हे ज्याला माहीत नाही तो सुखी माणूस. मी तीस वर्षं खरेदी विभागात काढली, त्यातली शेवटची नऊ अधीक्षक म्हणून. खडूपासून लिफ्टपर्यंत सगळं माझ्या टेबलावरून गेलं. पाठीमागे लोक मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. 'हेमाबाईंच्या टेबलावर गेलेली फाइल म्हातारी होऊनच खाली उतरते' हे त्यातल्या त्यात सभ्य. म्हणोत बापडे. तीस वर्षांत एका चहाचा मिंधेपणा मी कुणाचा घेतला नाही, आणि हे मी भल्याभल्यांना तोंडावर ऐकवलं आहे.

आता सांगतेय त्यात मात्र ऐकवण्यासारखं काही नाही. पण सांगायचं ठरवलंय, तर सांगते.

आमच्याकडे मेंदूवर संशोधन करणारी एक प्रयोगशाळा आहे. तिच्यासाठी फ्रीझर घ्यायचा होता. घरात आइस्क्रीम ठेवतो तसला नव्हे. माणसाच्या उंचीचा, उणे ऐंशी अंशांचा. त्यात मेंदू ठेवायचे. माणूस गेल्यावर काही तासांच्या आत घरच्यांनी स्वखुशीनं दिलेले. जुन्या फ्रीझरमध्ये असे अकरा मेंदू होते, आणि त्यातला एक माझ्या भावाचा होता, दिगंबरचा.

आम्ही मूळचे वारज्याचे. वारजं गाव होतं तेव्हापासूनचे. आमचे अप्पा, म्हणजे गेनबा, पन्नाशी ओलांडली आणि भ्रमिष्टासारखं करायला लागले. विहीर बुजवून तिच्यावर बिल्डिंग उभी राहिली होती, तरी हे रोज सकाळी बादली घेऊन विहिरीवर निघायचे. वॉचमन परत आणून सोडायचा. चुलती म्हणायची, "बाहेरचं हाय कायतरी. उतारा टाका." टाकले उतारे. डॉक्टरला कुणी दाखवलं नाही. अप्पा गेले तेव्हा सगळे म्हणाले, वय झालं होतं. छप्पन्न हे काय वय असतं?

मग दिगंबर. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. प्लॉटची मोजणी करून द्यायचा तो, खासगी, आणि वारजे-कर्वेनगरातला कुठला दगड कुणाच्या हद्दीत आहे हे त्याला तोंडपाठ. सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यानं एकाच दिवसात एकच प्लॉट तीन वेळा मोजला आणि तिन्ही वेळा मालकाला नव्यानं नमस्कार केला. मालक हसला. आम्हीही हसलो. पुढे एकदा कर्वेनगरहून घरी येताना त्याचा रस्ता चुकला, तो खडकवासल्याला धरणापाशी स्कूटर लावून बसलेला सापडला. मला बघून म्हणाला, "घर इकडंच होतं ना गं?" त्यानंतर आम्ही हसलो नाही. सात वर्षं लागली त्याला मरायला. शेवटी शेवटी घास गिळायचा कसा हेच त्याला आठवायचं नाही. माझा उंचापुरा भाऊ, माझ्या दप्तराला हात लावणाऱ्या पोराला पाटात ढकलून देणारा, चमच्याकडे बघत बसायचा. मला आजही ते आठवलं की राग येतो. कुणाचा ते सांगता येत नाही.

त्याची एकुलती एक मुलगी तनुजा. आयटीत आहे, एकतीस वर्षांची. नवरा शुभंकर, गुणी मुलगा. दोघं कर्वेनगरात राहतात. दिगंबर गेला त्या सकाळी तनुजानं रडण्याआधी प्रयोगशाळेला फोन केला. भावकी खवळली. "पोरीनं बापाला फाडाया दिलं," चुलती सगळ्या गावाला सांगत सुटली. तनुजानं कुणाला उत्तर दिलं नाही. मला तेवढं सांगितलं.

"आत्या, मला मूल हवंय. शुभंकरला पण. पण बाबांना झालं ते काय होतं हे कळल्याशिवाय मी हा चान्स घेणार नाही. आजोबांचंही तेच होतं की ते वेगळं? घराण्यात असेल तर मला येणार, माझ्या बाळाला येणार. मी बाबांना भरवलंय. माझ्या पोरानं मला तसं भरवावं म्हणून मी त्याला जन्माला घालू का?"

मी म्हटलं, "कळेल गं. लवकर कळेल."

कळण्याचा मार्ग एकच होता. तनुजाच्या रक्ताची तपासणी झाली होती, त्यात माहितीतला कुठलाही दोष सापडला नव्हता. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. प्रियदर्शनी, अमरावतीकडच्या, पस्तिशीची हुशार बाई. त्यांनी आम्हा दोघींना नीट समजावून सांगितलं. मेंदूचा अर्धा भाग रसायनात ठेवतात, त्यावरून रोगाचं ढोबळ नाव कळतं. तो पिढीजात आहे का, हे शोधायला गोठवलेलाच अर्धा लागतो. एकदा तो वितळला की संपलं, पुन्हा गोठवून उपयोग नाही. काम आठ महिन्यांचं, थोडं थोडं काढून करायचं. आणि जुना फ्रीझर असा खिळखिळा की दार उघडलं की तापमान चढायचं आणि खाली यायला दिवस घ्यायचं. म्हणून नवा आल्याशिवाय दिगंबरच्या मेंदूला हातच लावता येणार नव्हता.

ती फाइल माझ्याकडे आली. आता कुणी म्हणेल, बरं झालं, घरचंच काम, आत्याबाईंनी चार दिवसांत उरकलं असेल. तिथेच तर घोडं अडलं! कार्यालयात कुणाला माहीत नव्हतं की त्या फ्रीझरात माझा भाऊ आहे, पण उद्या कळलं तर? हेमाबाईंनी स्वतःच्या कामाची फाइल पळवली, असं एकानं जरी म्हटलं असतं तरी माझी तीस वर्षं पाण्यात. म्हणून ती फाइल मी इतरांपेक्षा दुप्पट कडक तपासली. ज्या शंका मी दुसऱ्या कुणाला काढल्या नसत्या त्या काढल्या. कॉम्प्रेसरच्या हमीचा कागद मूळ प्रतीत मागवला. प्रियदर्शनी मॅडम दर आठवड्याला जिना चढून यायच्या आणि मी म्हणायचे, "प्रक्रिया चालू आहे." त्यांच्या तोंडावर म्हणायचे, आणि मनात स्वतःची पाठ थोपटायचे.

त्यात फेब्रुवारीत एक घोळ झाला. निविदेचं शुद्धिपत्रक काढलं, त्यात शेवटची तारीख छापली ती होऊन गेलेल्या महिन्याची. पुरवठादारांनी हरकत घेतली, सगळी निविदा रद्द, पुन्हा पहिल्यापासून. अडीच महिने गेले. मी आमच्या योगेशला सगळ्या विभागासमोर फाडून खाल्लं. योगेश यवतमाळचा, नवीन लागलेला कारकून, आवाज वर न करणारा.

"मॅडम, तुम्ही दिलेल्या चिठ्ठीवर तीच तारीख..." तो म्हणाला.

"म्हणजे मी चुकले? मी? शहाणा आहेस! तीस वर्षांत माझी एक तारीख चुकलेली दाखव."

त्याला मेमो दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला आणि जागेवर जाऊन बसला.

शेवटी मेच्या दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी, फ्रीझर आला. भलीमोठी लाकडी पेटी. तळमजल्यावर प्रयोगशाळेत, जुन्या फ्रीझरपासून सहा फुटांवर ठेवली. आणि नेहमीप्रमाणे मी खाली जाऊन तिच्या जोडावर माझ्या सहीची पट्टी चिकटवली.

ही पट्टी काय ते सांगायला हवं, कारण हा नियम सरकारचा नाही, माझा आहे. बारा वर्षांपूर्वी एक सूक्ष्मदर्शक आला. विभागानं पेटी परस्पर उघडली, तर भिंग गायब. पुरवठादार म्हणे आम्ही घातलं होतं, विभाग म्हणे आलंच नाही. वर्षभर पत्रापत्री. तेव्हापासून मी पद्धत पाडली. मोठी पेटी आली की जोडावर कागदी पट्टी, तिच्यावर माझी सही आणि तारीख. तिघांची समिती समोर असेल तेव्हाच पट्टी कापायची. एका प्राध्यापकानं एकदा ती आधीच फाडली, तर मी त्याची वेतनवाढ रोखून धरायला लावली. तेव्हापासून विद्यापीठात कुणाची छाती झाली नाही. लहान मुलं झोपलेल्या कुत्र्याला वळसा घालतात तसे लोक माझ्या पट्टीला वळसा घालायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

या वेळच्या समितीचे अध्यक्ष होते पदार्थविज्ञानाचे गोपाळकृष्ण सर. ते मुलीच्या बाळंतपणासाठी धारवाडला गेलेले. शनिवार-रविवार सुट्टी, सोमवारी बुद्धपौर्णिमेची सुट्टी. तेव्हा पाहणी मंगळवारी सकाळी अकराला, असं पत्र मी काढलं.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला प्रियदर्शनी मॅडम धापा टाकत वर आल्या.

"हेमाताई, जुना फ्रीझर उणे साठवर आलाय. रोज दोन-तीन अंश चढतोय. मंगळवारपर्यंत निघायचा नाही. मला पेटी उघडू द्या."

"समिती मंगळवारी आहे."

"मला माहितीय. कोरडा बर्फ मागवावा म्हटलं, तर त्याची मागणी वेगळी, तिला मंजुरी वेगळी. ताई, अकरा घरांनी विश्वासानं दिलंय. आणि तुम्हाला मी काय सांगू? तुमचं तर..."

"माझं काय आहे ते मला माहितीय," मी म्हटलं. "आवाज हळू."

पण मी उठले. त्यांच्याबरोबर खाली गेले. जुन्या फ्रीझरच्या दारावर लाल आकडे होते, एकोणसाठ. आम्ही बघत असतानाच अठ्ठावन्न झाले. मी विचारलं, "कुठंय तो?" त्या म्हणाल्या, "तिसरा कप्पा, डावीकडे. नाव नसतं, नुसता नंबर असतो." मी दारावर हात ठेवला. पत्रा थरथरत होता आणि आतून घरघर येत होती, अगदी शेवटच्या आठवड्यात दिगंबरच्या छातीतून यायची तशी. मनात म्हटलं, हेमा, खड्ड्यात गेली तुझी पट्टी.

"कुलसचिव बारा वाजता भेटतात," मी म्हटलं. "मी तोंडी परवानगी घेते. ते नाही म्हणणार नाहीत. लगेच तुम्हाला फोन करते, माझ्यासमोर पट्टी कापा."

प्रियदर्शनी मॅडमच्या डोळ्यांत पाणीच आलं. "ताई, दुपारी जरी लावला तरी संध्याकाळी सात-साडेसातला उणे ऐंशीवर येतो. विद्यार्थी आहेत, आम्ही हलवून टाकू. माझी नऊची गाडी आहे अमरावतीला, भावाचं लग्न आहे. तेवढं झालं की मी सुटले."

"झालंच समजा," मी म्हटलं.

मी जिना चढून वर आले. योगेशनं परीक्षा विभागाच्या खुर्च्यांच्या निविदेचे कागद समोर ठेवले. त्यात गोदरेजी कपाटाच्या किल्ल्यांचा काहीतरी वाद होता, तो मिटवला. डबा खाल्ला. दुपारी दोनला प्रियदर्शनी मॅडमचा फोन आला. "ताई, काही झालं का?" असं त्या म्हणाल्या, आणि मी म्हटलं, "बघते. कळवते." संध्याकाळी बसनं कर्वेनगरला उतरले, हापूसची एक पेटी तनुजाकडे पोचवली, आणि वारज्याला घरी आले.

शनिवारी सकाळी आवारात कुणीतरी रस्ता खोदताना केबल तोडली. सात तास वीज नव्हती. वीज आली, पण जुना फ्रीझर पुन्हा चालू झाला नाही. तापमान चढलं की वाजणारी त्याची घंटा तर वर्षापूर्वीच बंद पडली होती. मे महिना, बंद खोली, तीन दिवस.

मंगळवारी अकराला मी समितीचं रजिस्टर बगलेत धरून खाली गेले, तर वास दारातच आला. तो वास मी सांगणार नाही. प्रियदर्शनी मॅडम थेट स्टेशनवरून आलेल्या, हातावर मेंदी होती. जुन्या फ्रीझरचं दार सताड उघडं, फरशीवर लालसर पाणी, आणि त्या खाली बसून एकेक डबी पुसून नंबर वाचत होत्या. कशासाठी, ते त्यांनाही माहीत नसावं. गोपाळकृष्ण सर नाकाला रुमाल लावून उभे होते. कुलसचिवही आले होते. आणि सहा फुटांवर नवी पेटी, जशीच्या तशी. पट्टी कुठे सुरकुतलीसुद्धा नव्हती. माझी सही लांबूनही वाचता येत होती.

प्रियदर्शनी मॅडमनी मला पाहिलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ताई, तुम्ही परवानगी घेणार होतात," त्या म्हणाल्या. "मी सात वाजेपर्यंत फोनपाशी बसले होते. विद्यार्थी थांबले होते."

कुलसचिव माझ्याकडे वळले. "परवानगी? माझ्याकडे तर कुणी आलं नाही."

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि मी म्हटलं, "नियमात बसत नव्हतं, सर. समितीशिवाय पेटी उघडता येत नाही. म्हणून मी विचार बदलला."

कुलसचिवांनी मान हलवली. "दुर्दैवी आहे. पण त्यांचं बरोबर आहे. नियम म्हणजे नियम."

एवढं होऊन पाहणी ठरल्याप्रमाणे झाली. कात्रीनं पट्टी कापली. पेटी उघडली, नग मोजले, तिघांच्या सह्या झाल्या, चौथी माझी. 'यंत्र सुस्थितीत प्राप्त.' फ्रीझर सुरू केला. संध्याकाळपर्यंत तो उणे ऐंशीला आला. आत काही नव्हतं.

मी जे कुलसचिवांना सांगितलं ते खोटं होतं. मी विचार बदलला नव्हता. मी विसरले होते.

म्हणजे कामाच्या गडबडीत राहून जातं तसं नव्हे. ते मी ओळखते. राहून गेलेलं मागे टोचत असतं, घरी गेल्यावर तरी आठवतं. हे जिन्याच्या पायऱ्यांवर माझ्या डोक्यातून गळून पडलं ते पडलंच. दोन वाजता प्रियदर्शनी मॅडमचा फोन आला, तेव्हा त्या कशाबद्दल विचारताहेत हे मला अजिबात कळलं नव्हतं. एखादं बिल असेल म्हणून मी "कळवते" म्हणाले. शनिवार, रविवार, सोमवार मी आरामात होते. आंब्याचा रस केला, पडदे धुतले. भाऊ वितळत होता आणि मी पडदे धुतले. मंगळवारी त्यांनी "परवानगी" हा शब्द उच्चारला तेव्हा तो सगळा शुक्रवार एकदम डोक्यात परत आला, हात ठेवलेल्या त्या थरथरत्या पत्र्यासकट. आणि पहिली गोष्ट मनात आली ती ही, की हे कुणाला कळता कामा नये. म्हणून मी नियम पुढे केला. माझ्याकडे तोच एक आडोसा होता, आणि लोकांनी तो लगेच मान्य केला.

रविवारी तनुजाकडे गेले. न जाऊन चालणारच नव्हतं. तिला प्रियदर्शनी मॅडमनी सगळं सांगितलं होतं. शुभंकरनं पाणी दिलं आणि तो स्वयंपाकघरात गेला. तनुजा समोर बसली. आंब्याची पेटी कोपऱ्यात तशीच होती, न उघडलेली.

"एकच विचारते," ती म्हणाली. "तू ती पट्टी कापू दिली असतीस तर तुला काय झालं असतं?"

"खुलासा मागितला असता. फार तर मेमो."

"एक मेमो?"

"हो."

"बाबांनी तुझी कॉलेजची फी भरली होती ना, आत्या? स्वतःचं शिक्षण सोडून?"

मी मान हलवली.

तिनं डोळे पुसले, चिडून पुसले. मग उभी राहिली. "जाऊ दे. आता कळायचंच नाही, तर थांबून काय करू? शुभंकर केव्हाचा म्हणतोय. आजोबांचं म्हातारपण असेल, तेव्हा कोण तपासत होतं? बाबांचं नशीब. दोघांचं वेगवेगळं. असंही असू शकतं ना? मग तसंच धरून चालायचं. पुढच्या महिन्यात डॉक्टरकडे जातोय आम्ही. तू ये नाहीतर नको येऊस."

मी पर्स उचलली होती. खरं सांगते, दारापर्यंत गेले होते. नियमासाठी भावाला नासू देणारी कडक आत्या म्हणून तिनं जन्मभर माझं तोंड पाहिलं नसतं, तेही मी सोसलं असतं. त्यात निदान मी शहाणी ठरत होते. चप्पल पायात घातली आणि लक्षात आलं, की हिला जे उत्तर त्या तिसऱ्या कप्प्यातून मिळायचं होतं, ते कदाचित आत्ता हिच्या दारात चप्पल घालून उभं आहे. आजोबा, बाप आणि आता आत्या. तिघांचं वेगवेगळं कसं असेल? आणि ही बाई पुढच्या महिन्यात डॉक्टरकडे निघालीय, नशिबावर हवाला ठेवून.

देवा रे, किती भीती वाटली मला! स्वतःची वाटली, तिच्या आधी. तेही सांगून टाकते.

"तनू," मी म्हटलं, "ते नियमासाठी नव्हतं गं."

"म्हणजे?"

"मी परवानगी घ्यायलाच निघाले होते. मी विसरले."

"विसरलीस?" तिचा आवाज चढला. "इतकी मोठी गोष्ट कुणी विस..."

आणि ती थांबली. आत भांड्यांचा आवाज येत होता, तोही थांबला. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावरचा राग माझ्यासमोर निघून गेला. राग राहिला असता तर बरं, असं मला वाटलं. त्याच्या जागी जे आलं ते मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, बापाच्या हातून पहिल्यांदा चमचा पडला तेव्हा.

ती दारापर्यंत आली. खाली वाकून तिनं माझ्या पायातली चप्पल काढली. मला हाताला धरून परत खुर्चीवर बसवलं.

"किती वर्षं पूर्ण झाली तुला?"

"त्रेपन्न."

"आणखी काय काय विसरलीस?"

"काही नाही गं. वयाप्रमाणे होतं थोडं. किल्ली बाहेरच कुलपाला राहते कधी..."

"आत्या." तिनं टेबलावरची वही ओढली, पेन उघडलं. अक्षर नीट काढत होती. वर माझं नाव लिहिलं, त्याच्यापुढे वय. "तारीखवार सांग. ऑफिसात सांगतेस तसं. पहिली आठवते ती."

शुभंकर दारात येऊन उभा राहिला होता, हातात ओलं फडकं. मी पदरानं तोंड पुसलं.

"फेब्रुवारीत," मी म्हटलं, "एका शुद्धिपत्रकात तारीख चुकली होती. त्याच्यापायी अडीच महिने गेले. योगेश म्हणून मुलगा आहे आमच्याकडे, त्याला मी मेमो दिला. ती चिठ्ठी नंतर मला माझ्याच ड्रॉवरमध्ये सापडली. तारीख माझ्या अक्षरात होती. मी ती फाडून टाकली."

तनुजानं ते लिहून घेतलं आणि पुढची तारीख विचारली.